घरगुती साबणाच्या वड्या : कापणे, तासणे आणि कडा मोडणे

साच्यातून काढलेली साबणाची लादी आणि न्हाणीत ठेवण्याजोगी वडी यांच्यामध्ये चार ते सहा आठवड्यांचे अंतर असते. या काळात साबणावर तीनदा पाते चालते आणि शेवटी एकदा कापड फिरते. पहिल्यांदा लादीच्या वड्या पाडताना, दुसऱ्यांदा वड्यांच्या बाजू तासताना आणि तिसऱ्यांदा कडा मोडताना, म्हणजे धारदार कडा तिरक्या तासून बोथट करताना. यांपैकी प्रत्येक कामाचा योग्य दिवस साबणात त्या वेळी किती पाणी उरले आहे यावर ठरतो. नारळाच्या वड्या ज्याने एकदा तरी थापल्या आहेत त्याला हे तत्त्व नवे वाटणार नाही. मिश्रण ताटात पसरल्याबरोबर सुरी फिरवली तर रेघ पुन्हा बुजते, पूर्ण गार झाल्यावर फिरवली तर वडीचा भुगा होतो, आणि या दोहोंच्या मधली थोडी वेळ तेवढी कामाची असते. साबणाची ती वेळ काही तासांची किंवा काही दिवसांची असते, आणि कोल्हापुरात ती मे महिन्यात वेगळी व जुलैत वेगळी असते.

येथे लिहिलेले सर्व थंड पद्धतीच्या साबणासाठी आहे, म्हणजे तेले आणि कॉस्टिक सोड्याचे द्रावण एकत्र घोटून, न शिजवता साच्यात ओतलेल्या साबणासाठी. बाजारात मिळणारा तयार ग्लिसरीन बेस वितळवून ओतलेल्या वड्यांना यातील फारसे काही लागू होत नाही, कारण त्या ओतल्या दिवशीच पूर्ण झालेल्या असतात.

आरंभी सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. ताज्या लादीत न मुरलेला सोडा शिल्लक असू शकतो, म्हणून पहिले तीन दिवस रबरी हातमोजे घातल्याशिवाय लादीला, वड्यांना किंवा कापताना पडलेल्या चुऱ्याला हात लावू नये. चुरा लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, आणि त्वचेवर चुरचुरले तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. दुसरी गोष्ट ॲल्युमिनियमची. सोड्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून ॲल्युमिनियमचे ताट, पट्टी किंवा किसणी या कामात कधीही वापरू नये. स्टेनलेस स्टील, लाकूड आणि जाड प्लास्टिक एवढेच साहित्य सुरक्षित समजावे.

लादीचे माप आणि वडीचे वजन

वडी शेवटी किती ग्रॅमची हवी हे साचा करतानाच ठरवावे लागते, कारण तासताना आणि मुरताना वजन घटते आणि ते परत येत नाही. माझा साचा आतून 30 सेंटिमीटर लांब, 8 सेंटिमीटर रुंद आणि 6 सेंटिमीटर उंच आहे. टिंबर मार्केटमधील एका सुताराकडून तो मी बिजागरीसह करून घेतला, म्हणजे बाजू उघडून लादी न दाबता बाहेर काढता येते. एक किलो तेल, तेलांच्या प्रमाणानुसार 140 ते 150 ग्रॅम सोडा आणि सोड्याच्या दुप्पट पाणी घेतले की हा साचा काठोकाठ भरतो. अडीच सेंटिमीटर जाडीने कापल्यास बारा वड्या होतात आणि ताजी वडी सुमारे 120 ग्रॅम भरते. सहा आठवड्यांत पाणी उडून वडीचे दहा ते बारा टक्के वजन जाते, तासताना आणि कडा मोडताना आणखी पाच-सहा ग्रॅम जातात, आणि हातात शंभर ग्रॅमची वडी उरते. ज्याला शंभर ग्रॅमच हवे आहेत त्याने शंभर ग्रॅमचे तुकडे कापले तर शेवटी जेमतेम पंच्याऐंशी उरतात. सुरुवातीला बहुतेकांचा हिशोब येथेच चुकतो.

साच्याला आतून बटर पेपर लावताना कोपऱ्यात सुरकुती राहू देऊ नये. कागदाची प्रत्येक सुरकुती लादीच्या बाजूवर उमटते आणि ती घालवण्यासाठी पुढे एक-दोन मिलिमीटर साबण तासून फेकावा लागतो. अस्तरासाठी पाच मिनिटे जास्त दिली तर तासण्याचे अर्धे काम वाचते.

लादी केव्हा कापावी

सर्वसाधारण लादी ओतल्यापासून 18 ते 48 तासांत कापण्याजोगी होते, परंतु हा आकडा तेलांवर अवलंबून असतो. खोबरेल तेलाचा साबण लवकर आणि कडक जमतो. नुसत्या खोबरेलाची लादी सहा-आठ तासांतच कापावी लागते, दुसऱ्या दिवशी तिच्यावर सुरी ठेवली तर ती ठिसूळ लाकडासारखी फुटते. तांदळाच्या कोंड्याचे तेल, शेंगदाणा तेल किंवा ऑलिव्ह तेल जास्त असेल तर लादी मऊ राहते आणि दोन ते तीन दिवस थांबावे लागते. एरंडेल पाच ते आठ टक्के घातले की फेस टिकतो, पण ते जास्त झाले की वडी चिकट राहते आणि तासताना पात्याला लोंबते. माझ्या नेहमीच्या मिश्रणात खोबरेल तीस टक्के असते आणि त्याला साधारण एक दिवस लागतो.

मिठाचा साबण या सर्वांपेक्षा वेगळा आहे. तेलाच्या वजनाच्या निम्मे किंवा त्याहून जास्त मीठ घातलेली लादी दोन ते चार तासांत, अजून गरम असतानाच कापावी. तिच्यापाशी बसून राहावे लागते. शक्य असेल तर असा साबण वेगवेगळ्या लहान साच्यांतच ओतावा, म्हणजे कापण्याचा प्रश्नच उरत नाही.

कोल्हापुरात साबण करणाऱ्याला गूळ घालून पाहण्याचा मोह होणारच, आणि तो योग्यही आहे, कारण गुळाने फेस वाढतो आणि वडीला सुरेख तपकिरी रंग येतो. मात्र साखरेचा अंश लादीला तापवतो. एक किलो तेलाला एक-दोन चमचे गूळ पाण्यात विरघळवून गाळून घालावा, त्याहून जास्त नको, आणि अशी लादी गोधडीत गुंडाळू नये, नाहीतर ती मध्यभागी फुगून फाटते. गुळाची लादी बारा तास उशिराच कापावी. ती वरून घट्ट वाटली तरी आतून मऊ असते.

कापण्याची वेळ ओळखण्याची खूण अशी आहे. हातमोजा घातलेल्या अंगठ्याने लादीच्या टोकाचा कोपरा दाबावा. खरवसासारखा थरथरला किंवा बोट रुतले तर साच्यातून काढूही नये. दाबाची पुसट खूण उमटली आणि कोपरा घट्ट पनीरसारखा तसाच राहिला, तर वेळ झाली. खूणच उमटत नसेल तर उशीर झाला आहे. लगेच कापावे, आणि तेही तारेने, सुरीने नव्हे. लादी साच्याच्या भिंतींपासून आपोआप सुटू लागणे ही दुसरी खूण आहे, आणि पावसाळ्यात ती जास्त भरवशाची ठरते.

पाते आणि तार

सुरी वापरायची असेल तर तिचे पाते पातळ, लांब आणि दाते नसलेले असावे. दात्यांची सुरी साबण कापत नाही, ओरबाडते. सुरीपेक्षा मला रंगाऱ्यांची स्टेनलेस स्टीलची रुंद पुट्टीची पाती अधिक आवडते, कारण ती सरळ खाली दाबता येते आणि हात मागे-पुढे करावा लागत नाही. पाते मागे-पुढे झाले की वडीच्या तोंडावर लाटा उमटतात.

सर्वांत स्वच्छ काप तारेचा येतो. 0.4 ते 0.5 मिलिमीटर जाडीची पोलादी तार दोन खुंट्यांमध्ये ताणून बसवलेली लाकडी चौकट हेच तारेचे यंत्र. त्यासाठी लागणारी तार आपल्याकडे फार दूर शोधावी लागत नाही, कारण मिरजेला सतार आणि तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानांत वाद्यांच्या पोलादी तारा सुट्या मिळतात. खुंटीही सतारीचीच वापरता येते, आणि तार ढिली पडली की ती पिळून पुन्हा ताणता येते. तार पुरेशी ताणली आहे की नाही हे ती छेडून पाहावे. स्पष्ट सूर निघाला पाहिजे, भदभद आवाज आला तर ती कापताना धनुष्यासारखी वाकते आणि वडी मध्ये जाड, कडेला पातळ होते. साधी पोलादी तार गंजते, म्हणून काम झाल्यावर ती धुऊन, पुसून, तिच्यावर खोबरेलाचा हात फिरवून ठेवावी. गंजाचा कण साबणात गेला तर पुढे त्या जागी नारिंगी डाग पडतो.

कापताना लादी नेहमी आडवी, म्हणजे कुशीवर ठेवावी. तिच्या माथ्यावर झेंडूच्या पाकळ्या, ओट किंवा खसखस पेरलेली असेल तर वरून खाली येणारे पाते तो कण बरोबर ओढत नेते आणि वडीच्या तोंडावर उभा ओरखडा पाडते. कुशीवर ठेवली की पाते माथ्याला बाजूने भेटते आणि ओरखडा पडत नाही. लादीच्या खाली ठोकळा आणि कडेला सुताराचा गुण्या ठेवावा, कारण डोळ्यांनी काटकोन जमत नाही, कितीही सवय झाली तरी. दोन्ही टोकांचे अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप आधी काढून बाजूला ठेवणारे पुष्कळ आहेत. मी ते करत नाही. टोके तासणीत सरळ होतात आणि लादीचा साबण वाया जात नाही. प्रत्येक कापानंतर पाते किंवा तार ओल्या फडक्याने पुसावी. याचा कंटाळा केला की पाचव्या वडीपासून काप खरखरीत येऊ लागतात.

पहिला आठवडा

कापलेल्या वड्या एकमेकींना न चिकटता, मध्ये दोन बोटे अंतर ठेवून, अरुंद बाजूवर उभ्या कराव्यात. बांबूची किंवा प्लास्टिकची जाळी चांगली. लोखंडी जाळी टाळावी. या आठवड्यात त्यांना आणखी काही करायचे नसते, फक्त पाहायचे असते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पृष्ठभागावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समजून घाबरू नये. साबणातील न मुरलेला सोडा हवेतील कार्बन डायऑक्साइडला भेटतो आणि सोडियम कार्बोनेटचा, म्हणजे धुण्याच्या सोड्याचा, पातळ थर बनतो. त्याने अपाय होत नाही, केवळ वडी निस्तेज दिसते. लादी ओतल्यानंतर साच्यावर झाकण घट्ट बसवून एक दिवस झाकून ठेवल्यास हा थर कमी येतो, आणि घोळात पाणी थोडे कमी वापरल्यास आणखी कमी येतो. आलेला थर तासताना निघून जातो. नक्षीच्या माथ्यावर, जिथे रंधा फिरवता येत नाही, तिथे वाफेच्या इस्त्रीची वाफ चार बोटांवरून क्षणभर सोडावी आणि पृष्ठभाग पूर्ण सुकेपर्यंत त्याला स्पर्श करू नये. ओल्यावर बोट लागले तर त्याचा ठसा राहतोच.

तासणे

तासण्याचे काम बहुतेक जण अनावश्यक समजतात, आणि त्यांच्या वड्या पाहिल्या की ते लगेच ओळखू येते. तारेने कितीही चांगला काप आला तरी वडीच्या सहा बाजूंपैकी केवळ दोन बाजू कापलेल्या असतात. उरलेल्या चार बाजू साच्याला किंवा हवेला लागलेल्या असतात, त्यांच्यावर कागदाच्या खुणा, हवेचे बुडबुडे आणि सोड्याचा थर असतो. अर्धा ते एक मिलिमीटर साल काढली की आतला खरा रंग बाहेर येतो. हळदीच्या किंवा मुलतानी मातीच्या वडीत तर फरक इतका पडतो की ती दुसऱ्याच साबणाची वाटावी.

तासण्यासाठी सुताराचा छोटा रंधा उलटा करून, पाते वर येईल असा, पाटावर दोन स्क्रूंनी घट्ट बसवावा. पाते तळापासून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा वर नसावे. मग रंधा न हलवता वडीच त्यावरून, तळहाताने सपाट दाबून, आपल्यापासून दूर ढकलावी. बोटे वडीच्या खालच्या कडेपासून नेहमी वर ठेवावीत, कारण वडी जसजशी पातळ होते तसतशी बोटे पात्याजवळ येतात. रंधा नसेल तर चिप्स करण्याची सपाट किसणी चालते, मात्र तिचे पाते स्टेनलेस स्टीलचे आणि धारदार हवे. शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या छोट्या कारखान्यात रंध्याच्या मापाची स्टेनलेस स्टीलची पाटी आणि पाते करून मिळू शकते, आणि जो महिन्याला चार-पाच लाद्या ओततो त्याने ते करून घ्यावे. गंजाची काळजी कायमची मिटते.

आता वेळेविषयी. तासताना निघणारी साल हीच सर्वांत विश्वासू साक्ष आहे. साल फितीसारखी अखंड, किंचित वळत निघाली तर दिवस बरोबर निवडला आहे. ती पात्याला चिकटून गोळा होत असेल तर साबण अजून ओला आहे, दोन दिवस थांबावे. भुकटी किंवा कपचे उडत असतील तर उशीर झाला. मार्चपासून मेपर्यंत मला फितीसारखी साल कापल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी मिळते, दिवाळीनंतरच्या थंड कोरड्या हवेत सहाव्या-सातव्या दिवशी, आणि आषाढ-श्रावणात दहाव्या-बाराव्या दिवसापूर्वी सहसा मिळत नाही. रंकाळ्याच्या बाजूला पाऊस आठ-आठ दिवस थांबत नाही तेव्हा मी वड्या स्वयंपाकघराच्या उंच फळीवर हलवते आणि पंखा थेट न सोडता खोलीत फिरता ठेवते. थेट वाऱ्याने एक बाजू आधी आकसते आणि वडी वाकते.

उशीर झालाच तर वाया काही जात नाही. स्वच्छ ओले फडके पिळून वडीच्या चारही बाजूंवरून एकदा फिरवावे, पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि मग अगदी हलक्या हाताने, पाते आणखी खाली घेऊन तासावे. वरचा पातळ थर मऊ झालेला असतो, तेवढाच निघतो. पहिल्या वर्षी मी एक संपूर्ण लादी दोन महिन्यांनी तासायला घेतली होती आणि बारापैकी सात वड्यांच्या कडा कपचे उडून गेल्या. ओल्या फडक्याचा उपाय तेव्हा माहीत असता तर त्या वाचल्या असत्या.

क्रमाविषयी माझे मत ठाम आहे. आधी दोन मोठी तोंडे तासावीत, मग दोन लांब बाजू आणि सर्वांत शेवटी दोन लहान टोके. टोके आधी तासली तर नंतर लांब बाजू तासताना पाते टोकाशी बाहेर पडते आणि कोपरा उडवते. माथ्यावर नक्षी किंवा पाकळ्या असतील तर ती बाजू अर्थातच सोडून द्यावी. सर्व वड्या तंतोतंत एका मापाच्या करण्याच्या मागे लागू नये. एका वडीवर चौथ्यांदा रंधा फिरवावा लागत असेल तर चूक कापताना झाली आहे, ती तासून सुधारण्यात साबण फक्त कमी होतो.

शिक्का मारायचा असेल तर तो तासल्यानंतर आणि कडा मोडण्यापूर्वी, त्याच दिवशी मारावा. ॲक्रिलिकचा शिक्का चांगला. पितळी शिक्क्याची नक्षी जास्त तीक्ष्ण उठते, परंतु पितळेत तांबे असते आणि तांब्याचा अंश राहिला तर साबण लवकर खवट होतो, म्हणून पितळी शिक्का मारून लगेच उचलावा आणि वडी पुसावी. शिक्क्यावर आधी पातळ प्लास्टिकचा कागद धरून रबरी हातोडीने एकच ठोका मारावा. दोनदा मारलेला शिक्का दोन प्रतिमा उमटवतो.

कडा मोडणे

माझ्या मामांचे उद्यमनगरात लेथचे काम होते. लेथवरून उतरलेला कोणताही सुटा भाग चँफर मारल्याशिवाय, म्हणजे कड तिरकी मोडल्याशिवाय, ते पुढे देत नसत, कारण धारदार कड हाताला लागते आणि पहिली तीच मोडते. साबणालाही हे अक्षरशः लागू आहे. काटकोनातली कड न्हाणीत पहिल्या दिवशी अंगाला टोचते, गुंडाळताना कागद फाडते, आणि वाहतुकीत तिचे कपचे उडाले की नवी वडी वापरलेली वाटू लागते. शिवाय कड ही वडीची सर्वांत पातळ जागा असल्याने ती सर्वांत आधी सुकते आणि पांढरट होते.

एका वडीला बारा कडा आणि आठ कोपरे असतात. प्रत्येक कड 45 अंशांत, दोन ते तीन मिलिमीटर रुंदीची मोडावी. याहून रुंद मोडली तर वडी अकारण लहान दिसते, याहून अरुंद मोडली तर हाताला फरक कळत नाही. सर्वांत सोपे साधन म्हणजे बटाट्याची साल काढण्याचा पीलर. तो साबणासाठी वेगळा ठेवावा, स्वयंपाकात परत नेऊ नये. पीलर वडीवरून कड संपेपर्यंत ओढत नेला तर शेवटच्या टोकाला कोपरा तुटतो. म्हणून एका टोकापासून मध्यापर्यंत यावे, वडी फिरवावी आणि दुसऱ्या टोकापासून पुन्हा मध्यापर्यंत यावे. मध्ये जिथे दोन्ही साली भेटतात तिथे बारीक उंचवटा राहतो, तो बोटाने चोळला तरी जातो.

ज्यांना प्रत्येक वडीवर नेमका एकच कोन हवा आहे त्यांनी लाकडाचे दोन पट्टे 45 अंशांत कापून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करावी, खाचेच्या तळाशी रंध्याचे पाते तीन मिलिमीटर उघडे ठेवावे आणि वडी तिच्या कडेवर उभी करून खाचेतून सरकवावी. कोल्हापुरी चपला करणाऱ्यांची रापी, म्हणजे कातडे तासण्याचे रुंद अर्धगोल पात्याचे हत्यार, मी याच कामासाठी वापरून पाहिली आहे. गोल कोपरे फिरवण्यात तिच्या तोडीचे दुसरे काही नाही. मात्र तिला धार फार असते आणि तिचे पाते साध्या पोलादाचे असल्याने गंजते, तेव्हा हात बसल्याशिवाय आणि पुसण्याची शिस्त असल्याशिवाय ती घेऊ नये.

कोपऱ्यांना वेगळे पाते लावू नये. बाराही कडा मोडल्यावर प्रत्येक कोपऱ्याशी एक लहान त्रिकोण उरतो, तो ओल्या अंगठ्याने गोल फिरवून मऊ करावा. कडा तासल्याच्याच दिवशी मोडल्या तरी चालतात, पण एक दिवस जाऊ दिल्यास तासलेला पृष्ठभाग किंचित घट्ट होतो आणि पीलर अधिक स्वच्छ चालतो. मी शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळीच हे काम करते.

साली आणि चुरा

एका लादीमागे साठ ते ऐंशी ग्रॅम साल आणि चुरा निघतो. तो डब्यात भरून त्यावर लादीची तारीख लिहावी, कारण ताजा चुरा आणि जुना चुरा यांचा उपयोग वेगळा आहे. पहिल्या आठवड्यातील मऊ साली हातमोजे घालून दाबल्या की एकजीव होतात. त्यांचे लिंबाएवढे गोळे वळून वड्यांबरोबरच सुकायला ठेवावेत, पाहुण्यांच्या बेसिनजवळ ते सोयीचे पडतात. कोरडा झालेला चुरा पुढच्या लादीच्या घोळात दहा टक्क्यांपर्यंत घालता येतो. तो आधीच साबण झालेला असल्याने सोड्याच्या हिशोबात त्याचे वजन धरायचे नसते. तेल समजून त्यासाठी सोडा वाढवला तर पुढची लादी त्वचेला जाळेल. पुष्कळ साठला तर अर्धा किलो चुऱ्याला पन्नास ते पंचाहत्तर मिलिलिटर पाणी घालून, स्टीलच्या भांड्यात, उकळत्या पाण्यावर झाकून दीड-दोन तास हळूहळू शिजवावा आणि साच्यात दाबून भरावा. हा साबण गुळगुळीत होत नाही, त्याला तासण्याचा प्रयत्नही करू नये.

मुरवणे आणि शेवटचा हात

कडा मोडल्यानंतर वड्या पुन्हा जाळीवर उभ्या कराव्यात आणि चार-पाच दिवसांनी एकदा बाजू बदलावी. प्रत्येक लादीतील एक वडी साक्षीदार म्हणून निवडून दर रविवारी तिचे वजन एक ग्रॅमपर्यंत अचूक काट्यावर करून लिहावे. सलग दोन आठवडे एक ग्रॅमपेक्षा कमी घट आली की वडी मुरली. पावसाळ्यात वजन कमी होण्याऐवजी वाढलेलेही दिसेल. साबणातील ग्लिसरीन हवेतील ओलावा ओढून घेते आणि वडीला घाम फुटतो. हे थेंब पुसून काढू नयेत, पुसले की चिकट ओघळ राहतात. खोली कोरडी करावी, थेंब आपोआप आत जिरतात. वडीवर नारिंगी ठिपके आणि जुन्या तेलाचा वास आला तर मात्र तेल खवट झाले आहे, ते तासून जात नाही. ती वडी वेगळी काढावी.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी वड्या हव्या असतील तर गणित पंचांगातूनच करता येते. गणेशचतुर्थी ते नरकचतुर्दशी सुमारे 54 दिवस असतात, म्हणजे गणपती बसण्यापूर्वीच्या रविवारी ओतलेली लादी कापणे, पावसाळी हवेमुळे उशिरा होणारे तासणे आणि सहा आठवडे मुरवणे हे सर्व होऊन वेळेवर तयार होते. गौरी गेल्यानंतर ओतलेली लादी घाईत पडते.

शेवटचा हात गुंडाळण्याच्या दिवशीच फिरवावा. जुन्या मऊ सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा कोरडाच घेऊन प्रत्येक बाजू लांबीच्या दिशेने चार-पाच वेळा घासली की वडीला मंद तुळतुळीतपणा येतो. अधिक चमक हवी असेल तर तळहात पाण्याने जेमतेम ओला करून एकदा फिरवावा, वडी दोन तास सुकू द्यावी आणि मग कापड फिरवावे. हे ओले काम जून ते सप्टेंबरमध्ये करू नये, वरचा थर दिवसभर चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते.

गुंडाळण्यासाठी श्वास घेणारा साधा कागद किंवा सुती कापड वापरावे. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेली वडी घाम बाहेर टाकू शकत नाही. वजन गुंडाळण्याच्या दिवशीचे लिहावे, कापल्या दिवशीचे नव्हे. घरच्यांसाठी आणि नातलगांना देण्यासाठी एवढे पुरे आहे. विकायच्या असतील तर साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतो, त्यामुळे 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम यांनुसार उत्पादनाचा परवाना आधी घ्यावा लागतो, आणि वेष्टनावर निव्वळ वजन, घटक, उत्पादनाची तारीख व बॅच क्रमांक छापावा लागतो. साक्षीदार वडी मात्र गुंडाळू नये. ती न्हाणीत ठेवावी, आणि तिच्या कडा किती दिवस टिकतात ते त्याच वहीत लिहावे, म्हणजे पुढच्या लादीला कड किती रुंद मोडायची ते कळते.